आरसी कार्डावर न सापडणारं माप

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : जुन्या मोटारीला लागणाऱ्या टायरच्या मापाची नोंद.

महोदय,

आपल्या खात्याचं आरसी कार्ड हातात घेतलं की खासगी मोटारीबद्दल बरंच काही कळतं. चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, किती सीसी, किती माणसं बसणार, रिकाम्या गाडीचं वजन, बँकेचा बोजा. मागाहून सीएनजी किट बसवलं तर त्याची नोंद चढवावी लागते, रंग बदलला तरी लागते. मात्र या गाडीची जी एकच वस्तू रस्त्याला टेकते, त्या टायरचं माप कार्डावर कुठेच नसतं.

नवी गाडी घेणाऱ्याचं यावाचून अडत नाही. शोरूममधून निघालेल्या गाडीला असतात तेच टायर बरोबर. अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाचं. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

जुनी गाडी बघायला माणूस सहसा एकटा जात नाही. सोबत ओळखीचा मेकॅनिक असतो, नाहीतर गाड्यांतलं कळतं असा लौकिक असलेला मेहुणा. बॉनेट उघडतं. ऑइलची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा घालून पाहिली जाते. दाराचं रबर बाजूला करून वेल्डिंगचे ठिपके कंपनीचेच आहेत ना याची खात्री होते, कारण ठोकलेली गाडी तिथे सापडते. मीटर मागे फिरवलंय का यावर वाद होतो. टायरची पाळी आली की प्रश्न एकच : ‘टायर किती टक्के?’ विकणारा सांगतो, ‘सत्तर टक्के, अजून दोन वर्षं बघायला नको.’ मेहुणा बूट आपटून म्हणतो, ‘पन्नासच्या वर नाहीत.’ त्यावरून किमतीत थोडी घासाघीस होते आणि व्यवहार मिटतो. टायरचं माप काय आहे आणि काय असायला हवं, हा विषय दोन्ही बाजूंनी कुणी काढत नाही.

यथावकाश ते टायर गोटा होतात आणि गाडी हायवेलगतच्या टायरवाल्याकडे जाते. तिथला पोरगा चाकाशी उकिडवा बसतो, अंगठ्याने चिखल पुसतो आणि आत हाक देतो, ‘एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा!’ आतून उत्तर येतं, ‘संपलाय. दोनशे पाच आहे, बसेल. ग्रिप पण भारी मिळेल.’ मालक मान डोलावतो. जुन्या टायरवरचं वाचून नवा टायर घ्यायचा, हीच सर्रास पद्धत. पहिल्या मालकापुरती ती बिनचूक असते. तिसऱ्या मालकापर्यंत येता येता तिचा कानगोष्टींचा खेळ झालेला असतो.

हे नेमकं कसं होतं ते आकड्यांत पाहू. उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेऊ, कारण राज्यातल्या कुठल्याही गाडी बाजारात ती हमखास उभी असते. २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टला दोन मापांचे टायर होते. व्हीएक्सआयला लोखंडी डिस्कवर १६५/८० आर १४ आणि वरच्या झेडएक्सआयला अलॉयवर १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारीचा : टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि शेवटचा आकडा डिस्कचा व्यास, तो मात्र इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत कोंबण्याची ही रीत गणिताच्या मास्तरांनी नापास केली असती, पण जगभर रूढ आहे ती हीच.

आता हिशेब. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. वरची भिंत आणि खालची भिंत मिळून २६४, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवले की चाकाची एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर. झेडएक्सआयचा टायर असाच मोजला की ६२१.५ येतात. कागदावर अगदी वेगळी दिसणारी दोन मापं, पण उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. डिस्क इंचाने वाढली तेवढी भिंत बुटकी झाली. कंपनीच्या इंजिनिअरांनी स्पीडोमीटर, गिअर आणि मडगार्डची कमान यांतलं काहीही बिघडू नये म्हणून ही जोडी जमवलेली असते.

समजा, अशी एक व्हीएक्सआय पुण्यात पहिल्या मालकाकडे होती. त्याने हौसेने १५ इंची अलॉय घेतले आणि त्यावर १८५/६५ चे टायर चढवले. इथवर सगळं ठीक. गाडी साताऱ्याला विकली गेली. दुसऱ्या मालकाला दुकानात १८५ मिळाला नाही, १९५/६५ मिळाला. उंची झाली ६३४.५, म्हणजे आधीच्या टायरपेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त. एवढ्याने काय होतंय? गाडी पुढे कराडला गेली. तिसऱ्या मालकाने टायरवर १९५ वाचलं आणि मिळाला २०५/६५. उंची ६४७.५. पुन्हा दोनच टक्के जास्त. प्रत्येक टायरवाल्याने आपापल्या परीने ‘एकच नंबर मोठा’ टायर दिला. कंपनीच्या १६५/८० शी तुलना केली तर चाक साडेचार टक्क्यांनी मोठं झालं. धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा असा, की एकूण उंची मूळच्या तीन टक्क्यांच्या आत राहावी. कराडच्या गाडीने ती रेघ कधीच ओलांडली आणि त्या तिघांपैकी एकालाही पत्ता नाही.

आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण स्पीडोमीटर गाडीचा वेग मोजत नाही, फेऱ्या मोजतो. एका फेरीत गाडी किती पुढे जाते हे त्याला कारखान्यात शिकवलेलं असतं. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि काट्याला त्याची खबर नसते. साडेचार टक्क्यांनी काटा ८० वर असताना गाडी ८३.६ पर्यंत असू शकते. समृद्धी महामार्गावर काटा १२० दाखवताना १२५ च्या पुढे. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणारा असता कामा नये असा स्पीडोमीटरचा नियमच आहे, म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवेल असाच ठेवतात. मोठा टायर सगळ्यांत आधी तो राखून ठेवलेला फरक खातो. आणि जाता जाता : मीटरवरचे किलोमीटरही त्याच फेऱ्यांवरून मोजले जातात. काट्यात मुळात फरक नसेल, तर अशा टायरवर मीटरचे ५०,००० भरतात तेव्हा गाडी सव्वादोन हजार जास्त पळालेली असते. मीटरला हात न लावता मीटर मागे.

उलट्या बाजूची चूकही तितकीच सोपी. १४ इंची डिस्कला १७५/६५ आर १४ हा टायर कुठेही मिळतो, कारण होंडा अमेझसारख्या गाड्यांचं ते मूळ माप आहे. डिस्कवर तो बिनबोभाट चढतो. पण त्याची उंची ५८३, म्हणजे स्विफ्टच्या मूळ चाकापेक्षा साडेतीन सेंटिमीटरहून जास्त बुटका. गाडीचं पोट जमिनीकडे १८ मिलिमीटर उतरतं. गावाकडच्या गतिरोधकांची उंची कुठल्या मापाने ठरते ते आपण जाणताच.

मापाच्या पुढे टायरवर आणखी एक जोडी असते, तिच्याकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. ८५ टी, ८८ एच अशी. आकडा भाराचा : ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं : टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. एर्टिगा घेऊ, सात माणसांची, टायर १८५/६५ आर १५, ८८. तिला कुणी दिसायला जवळजवळ तसाच, पण ८४ आकड्याचा १८५/६० आर १५ चढवला, तर टायरमागे ६० किलो गेले, चार टायरचे मिळून २४०. गाडी लगेच खाली बसेल असं नाही. पण सात माणसं, डिकीत बॅगा, मे महिन्यातलं तुळजापूर आणि महिनाभर न तपासलेली हवा असं सगळं एकत्र येतं, तेव्हा हीच राखीव ताकद उपयोगी पडायची असते. भाराचा आकडा खरा ठरतो तो हवा पुरेशी असेल तरच. हवा कमी पडली की भिंत जास्त वाकते, तापते, आणि पुढचं वर्तमानपत्रात ‘टायर फुटून’ या दोन शब्दांत येतं.

रुंदीबद्दल टायरवाल्यांचं एक आवडतं वाक्य आहे : रुंद टायर म्हणजे जास्त पकड. कोरड्या रस्त्यावर त्यात तथ्य आहे. साचलेल्या पाण्यात उलटं होतं. टायर जितका रुंद तितकं त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं. स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी ऐकत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर जुलैत गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय डिस्कची रुंदी असतेच. १८५/६५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची डिस्क चालते, २०५/६५ ला ५.५ ते ७.५. त्याहून अरुंद डिस्कवर रुंद टायर बसवला तर तो मध्ये फुगतो आणि मध्येच झिजतो. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासण्याचा तो ‘खर्रर्र’ आवाज बऱ्याच जुन्या गाड्यांत ऐकू येतो; तो सस्पेन्शनचा समजून बुश बदलणारेही आहेत.

मग बरोबर माप बघायचं कुठे? ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक छोटा स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावतात. त्यावर माप असतं आणि हवेचा दाबही, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, गाडी भरलेली असताना वेगळा. मालकाच्या पुस्तिकेतही हेच असतं, पण दुसऱ्या मालकाला पुस्तिका मिळाली तर नशीब. स्टिकरचं आयुष्य तरी किती? दार ठोकून सरळ केलं, खांब घासून रंगवला, की तो गेला. म्हणजे अपघात झालेल्या, रंगकाम झालेल्या जुन्या गाडीतच तो नसण्याची शक्यता जास्त, आणि गरज तिथेच सर्वांत मोठी.

राहिली स्टेपनी. कधीही न वापरलेली स्टेपनी हा चांगला साक्षीदार असतो. बाकी चारांवर १९५ आणि डिकीत १६५ सापडला तर काहीतरी घडलंय हे कळतं. मात्र तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. काही मॉडेलांत वरच्या व्हेरिएंटला अलॉय देतात आणि स्टेपनी कंपनीच एक इंच लहान लोखंडी देते. तिच्यावरचे शेवटचे चार आकडेही वाचावेत : २३१४ असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी करकरीत आणि वय दहा वर्षांच्या पुढे. बऱ्याच मोठ्या टायर कंपन्या दहा वर्षांनंतर तो, न वापरलेला असला तरी, काढून टाकायला सांगतात.

दाराच्या खांबावरचा स्टिकर म्हणजे शोभेची चीज नव्हे, हे अमेरिकेने भारी किंमत मोजून शिकलं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररला बसवलेले होते. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने या टायरशी २७१ मृत्यूंचा संबंध जोडला. वाद पेटला त्यात एक आकडा स्टिकरवरचाही होता : फोर्डने हवा २६ पीएसआय ठेवायला सांगितली होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि पुढे टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागण्याची सोय नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

महोदय, आता आपल्याकडचा कायदा पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ टायरच्या अवस्थेबद्दल आहे. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, हे त्यात येतं. नियम ९५ टायरचं माप आणि गाडीचं वजन यांची सांगड घालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

गंमत इथेच आहे. कलम ५२ विचारतं, प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी जुळतं का? खासगी मोटारीच्या प्रमाणपत्रात टायरचं माप नाहीच, मग जुळवायचं कशाशी? नोंदणीच्या फॉर्म २३ मध्ये टायरची संख्या, वर्णन आणि माप यांना जागा आहे, एक्सलनिहाय आहे. पण ती मोटार कॅब वगळता बाकीच्या परिवहन वाहनांसाठी. ट्रकच्या मागच्या एक्सलला कोणता टायर हवा हे सरकारदरबारी लिहिलेलं असतं, आणि घरच्या मोटारीला कोणता हवा हे टायरवाल्याच्या गोदामात काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. यामागे तर्क असलाच तर तो जुना : ट्रक ओझं वाहतो, मोटार साहेबाला ऑफिसात नेते. १९८९ साली मोटारी १२० ने पळत नव्हत्या.

जर्मनीत गाडीच्या नोंदणीपत्रावर १५.१ आणि १५.२ असे दोन रकाने असतात. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या टायरचं माप त्यात छापलेलं असतं. पुण्याहून श्टुटगार्टला गेलेले मराठी इंजिनिअर तिथे पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात, आणि मापासाठी त्यांना गाडीपाशी जावंही लागत नाही, कागद पुरतो. नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला जाते, तेव्हा टायर पाहिले जातात. इंग्लंडमध्ये एमओटी तपासणीत एकाच एक्सलवर दोन वेगळ्या मापांचे टायर सापडले तर गाडी नापास होते. आपल्याकडे एक टायर कापला गेला म्हणून एकच, मिळेल तो, बदलून घेणं ही रोजची गोष्ट. डाव्या-उजव्या चाकांची उंची वेगळी झाली की गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते, डिफरन्शिअल विनाकारण फिरत राहतं. एप्रिल २०१९ पासून आपल्या सगळ्या नव्या मोटारींत एबीएस सक्तीचं आहे. ते चारही चाकांच्या फेऱ्यांची आपसांत तुलना करून ब्रेक सांभाळतं. त्या तुलनेतलं एक चाकच भलत्या मापाचं असलं तर यंत्रणेला चुकीची बातमी मिळते.

टायरचं महत्त्व आपल्या खात्याला पटवून द्यायला नको. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि पुढच्या काही महिन्यांत अपघातांच्या बातम्यांत टायर फुटणं हे कारण पुन:पुन्हा येऊ लागलं. २०२३ मध्ये खात्याच्या पथकांनी प्रवेशद्वारांवर टायर तपासायला घेतले, गोटा टायरच्या गाड्या परत फिरवल्या, चालकांना समजावलं. ते काम चांगलं झालं. आता ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला आहे. पण चर्चा झाली ती झिजेची आणि हवेची. मापाचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. नक्षी बोटाने कळते. माप तपासायचं तर ते कशाशी ताडून बघायचं हे पथकाकडे हवं, आणि आरसीवर ते नाही.

इथे एक भेद करायला हवा. थारला ३३ इंची टायर चढवून सिंहगड रोडने मिरवणारा पोरगा लांबूनच दिसतो. २०२० च्या थारला कंपनीकडून २५५/६५ आर १८ किंवा २४५/७५ आर १६ येतात. ३३ इंच म्हणजे त्यांतल्या मोठ्याहूनही सहा टक्क्यांच्या वर. तो जाणूनबुजून करतो आणि पोलीस त्याला अडवतातही. कराडचा तिसरा मालक असा नाही. त्याने बदल केलाच नाही, तो त्याच्याकडे गाडीसोबत आला. त्याच्यासाठी चलन फाडणं हा उपाय नव्हे, आणि या पत्राची मागणीही तशी नाही. टायरच्या मापावर दंड सुरू झाला तर नाक्यानाक्यावर चिरीमिरीचं एक नवं दुकान उघडेल, माप मात्र आहे तिथेच राहील. त्याला हवी आहे ती माहिती, आणि तीही गाडी त्याच्या नावावर होतानाच.

ती माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही. कुठलंही मॉडेल रस्त्यावर येण्याआधी कंपनी एआयएस-००७ या मानकानुसार त्याचा तांत्रिक तपशील मान्यतेसाठी देते. त्यात प्रत्येक व्हेरिएंटच्या डिस्कचं आणि टायरचं माप असतं. मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर बसलेली आहे. टायर करणारे कारखाने भांडुप, नाशिक, चाकण, वाळूजला आहेत. सगळं ज्ञान इतकं जवळ असून कराडच्या दुकानात ते पोचत नाही.

फॉर्म २३ बदलणं दिल्लीच्या हातात आहे, हे मान्य. तशी शिफारस केंद्राकडे आपण करावी. छापताना मूळ माप एकच छापलं तरी चालेल. जर्मनीतही नोंदणीपत्रावर एकच छापतात, कंपनीला मान्य असलेली बाकीची मापं वेगळ्या प्रमाणपत्रात असतात. आपल्याकडे ती ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर दिसू शकतील, म्हणजे व्हीएक्सआयला १५ इंची चाक बसवणारा उगाच गुन्हेगार ठरणार नाही. जुन्या ठेवणीतल्या गाड्यांना सवलत लागेलच. अँबॅसिडरचं मूळ माप ५.९०-१५, रुंदीही इंचांत, ‘आर’ नाही, कारण टायर क्रॉसप्लाय. ती गाडी प्रेमाने सांभाळणाऱ्याला आज त्याच मापाचा टायर शोधत वणवण करायला लावण्यात अर्थ नाही; जवळचा रेडियल कोणता चालेल एवढं सांगितलं तरी पुरे.

दिल्लीची वाट न पाहता इथे करता येण्यासारखंही आहे. २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आली की त्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. विक्रेता गाडीच्या टायरचा टक्का सांगतो, तसं त्यांचं मापही त्याने लिहून द्यावं : दारावरच्या स्टिकरचा एक फोटो, चारही टायर आणि स्टेपनीच्या मापांचे फोटो, खरेदीदाराच्या पावतीला जोडलेले. स्टिकर गेला असेल तर तसं लिहावं आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवरून माप काढून द्यावं. विक्रेत्याशिवाय थेट होणाऱ्या व्यवहारात गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरताना तेवढीच एक सूचना पडद्यावर यावी. पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी फॉर्म २५ घेऊन पुनर्नोंदणीला येते तेव्हा निरीक्षक टायर बघतोच. त्याच्या शेऱ्यात मापाची एक ओळ वाढावी.

आणि समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर जी पथकं नक्षी तपासतात, त्यांच्या फोनमध्ये विकल्या जाणाऱ्या मॉडेलांची मूळ मापं घालून द्यावीत. भलतं माप दिसलं तर दंड नको, चालकाच्या हातात बरोबर माप आणि हवेचा दाब लिहिलेली चिठ्ठी द्यावी. पुढच्या वेळी टायरवाल्याचा पोरगा चाकाशी बसायच्या आधी मालकाने ती चिठ्ठी पुढे करावी.

कळावे,
जुन्या मोटारींच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकांच्या वतीने